जेवणाचा पुकारा

लातूर जिल्हा झाला आणि गावात घरभाडी वाढली. त्याबरोबर घरमालकांचा रुबाबही वाढला. ज्याच्याकडे दोन खोल्या रिकाम्या होत्या त्याच्या दारावर कुठल्या ना कुठल्या कार्यालयाची पाटी चढली. एक कार्यालय सरकीच्या गोदामात होतं. दुसरं पिठाच्या गिरणीच्या माडीवर, तिथले कारकून संध्याकाळी पांढरेफटक होऊन घरी जात. एका साहेबांची खुर्ची तर गोठ्यात होती आणि शेजारी मालकाची म्हैस तशीच बांधलेली होती, कारण भाडेपट्टा करताना म्हशीचा विषय काढायचा राहून गेला होता. असं सगळं गावच कचेरी होत असताना गावातल्या खऱ्याखुऱ्या जुन्या कचेरीचं मात्र हॉटेल झालं.

ही जुनी तहसील कचेरी निजामाच्या काळातली. काळा दगड, सात कमानी, दोन हात रुंद भिंती. इमारत मूळची एका जहागीरदाराची, सरकार तिथे भाड्यानं राहायचं. नवी तहसील बांधून झाली तसं सरकार उठून गेलं आणि जहागीरदाराच्या नातवांनी इमारत उदगीरच्या शंकरप्पांना विकून टाकली. शंकरप्पा एकदा लग्नाला हैदराबादला गेले होते. तिथे कुणा नवाबाच्या हवेलीत हॉटेल निघालंय आणि लोक छताकडे बघत बघत दुप्पट दरानं जेवतात, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून त्यांना चैन नव्हती. त्यांनी कचेरीला आतून पिवळा रंग दिला, बारा टेबलं मांडली, टेबलांवर पांढऱ्या चादरी घातल्या आणि दारावर पाटी लावली: 'हॉटेल दानम्मा. शुद्ध शाकाहारी भोजनाची ऐतिहासिक सोय.'

गल्ल्यावर मी बसलो. मी पंढरी, मूळचा रेणापूरचा. शंकरप्पांनी गल्ला ठेवला तो नेमका तहसीलदारांच्या चौथऱ्यावर, त्यामुळे मला बसल्याजागी हुद्दा मिळाला. रेकॉर्डच्या खोलीत भटारखाना झाला. कोठडीत बटाट्याची पोती गेली. साक्षीदार जिथे उभा राहायचा तिथे हात धुवायचं बेसिन आलं. बेसिन आलं, पण पाणी आलं नाही. पावसानं त्याही वर्षी दगा दिला होता, नळ आठवड्यातून एकदा यायचा, आणि गिऱ्हाइकाला पाणी अर्धाच पेला द्यायचं असा शंकरप्पांचा हुकूम होता.

एवढं सगळं झालं, पण एक भलतीच अडचण निघाली. गिऱ्हाईक यायचं, बसायचं मात्र नाही.

खेड्यातला माणूस बाजाराला आला की हॉटेलची पाटी वाचून यायचा. पायरीपाशी आला की पाय आपोआप चपलेतून निघायचे. टोपी सारखी करून तो आत यायचा, थेट माझ्या चौथऱ्यासमोर येऊन हात जोडायचा आणि उभा राहायचा. "बसा की मामा," म्हटलं तर, "न्हाई साहेब, बरं हाय," म्हणायचा. त्याचा बाप इथे उभा राहिला होता, आजा उभा राहिला होता, या खोलीत खुर्चीवर बसायचं असतं हे कुणी त्याला सांगितलंच नव्हतं. बराच वेळ उभं राहून, काहीच घडत नाही असं बघून, तो नमस्कार करून निघून जायचा आणि कोपऱ्यावरच्या टपरीत भजी खायचा. जळकोटकडचा एक म्हातारा तर माझ्या हातात अर्ज ठेवून गेला. शेजाऱ्यानं बांध कोरला होता. मी भिडेपोटी अर्ज घेतला. पुढच्या बाजाराला तो चौकशीला हजर, "साहेब, माझ्या बांधाचं काय झालं?" मी म्हटलं, विचाराधीन आहे. दुसरं काय म्हणणार?

शंकरप्पा रडकुंडीला आले. बारा टेबलांवरच्या बारा चादरी धुवायचीही गरज पडत नव्हती. आणि अशा वेळी खाजामियाँ उपयोगाला आले.

खाजामियाँ याच कचेरीत छत्तीस वर्षं चपराशी होते. पुकारा करणं हे त्यांचं काम. ज्याचा दावा असेल त्याचं नाव, बापाचं नाव, गाव अशी दारात उभं राहून तीनदा आरोळी द्यायची, आणि मगच त्या माणसानं आत जायचं. माणूस सहा फुटी, आवाज असा की नाव कचेरीत घेतलं तर गंजगोलाईच्या बाजारात माणूस दचकावा. नोकरी संपली तरी पायांना ते कळलं नव्हतं. रोज सकाळी दहाला त्यांची बायको बेगमबी भाकरी बांधून द्यायची आणि हे येऊन कचेरीच्या पायरीवर बसायचे. अंगात तीच जुनी शेरवानी. पितळी बिल्ला सरकारनं जमा करून घेतला होता, पण छातीवर जिथे तो असायचा तिथलं कापड उन्हापासून वाचल्यामुळे गोल आणि गडद राहिलं होतं. लांबून अजून बिल्ला असल्यासारखंच वाटायचं.

एका बाजारच्या दिवशी निलंग्याकडचा संगप्पा नावाचा एक शेतकरी माझ्यासमोर अर्धा तास उभा होता. पायरीवरच्या खाजामियाँना ते बघवेना. ते उठून आत आले.

"नाव?"

"संगप्पा."

"बापाचं?"

"मलप्पा."

खाजामियाँनी शेरवानी खाली ओढली, संगप्पा हातभर अंतरावर असताना त्याच्याकडे पाठ केली, आणि बाहेरच्या आवाराकडे तोंड करून आरोळी दिली, "संगप्पा वल्द मलप्पा, हाजिर हैऽऽऽ?" एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्याला संगप्पा "हाजिर!" म्हणून ओरडला, खाजामियाँनी बोट केलं त्या तीन नंबरच्या टेबलावर जाऊन मुकाट बसला आणि चार भाकऱ्या, दोन वाट्या येसर आमटी आणि वर गव्हाची गोड हुग्गी असं जेवून उठला.

शंकरप्पांनी भटारखान्याच्या दारातून हे पाहिलं. त्याच दिवसापासून खाजामियाँ हॉटेलात नोकरीला लागले.

त्यानंतर बारा टेबलं पुरेनात. ज्या आरोळीनं जन्मभर पोटात गोळा यायचा, तीच आता जेवायला बोलवायची. लोकांना याचं फार सुख वाटू लागलं. काही जण तर नुसतं आपलं नाव ऐकायला यायचे आणि ऐकल्यावर भिडेपोटी जेवून जायचे. नव्या जिल्ह्यात बदलून आलेले पुण्या-मुंबईचे साहेब आधी हसले, पण आपल्या बापाचं नाव एवढ्या मोठ्यानं कुणी घेतलेलं त्यांनीही बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं.

भानगड एकच होती. खाजामियाँ प्रत्येकाचा पुकारा तीनदाच करायचे. माणूस समोर उभा असो, पहिल्याच आरोळीला हाजिर म्हणो, उरलेल्या दोन द्यायचेच. नऊ माणसांचं कुटुंब आलं की सत्तावीस आरोळ्या. तोवर आमटीवर साय धरायची. एकदा माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "चाचा, हे हॉटेल हाय, कोर्ट न्हाई. एक आरोळी बास झाली!"

खाजामियाँ माझ्यावर कधी चिडत नसत. त्या दिवशी त्यांचा चेहराच उतरला. दुपारी गर्दी ओसरल्यावर ते चौथऱ्याच्या पायरीवर येऊन बसले.

"पंढरीभाऊ, एकदा एकच दिली होती," ते म्हणाले. "लई महाग पडली."

मग त्यांनी सांगितलं. सन त्र्याहत्तरचा मे महिना, मोठा दुष्काळ. कचेरीच्या आवारात खडी फोडणाऱ्या बाया, त्यांची पोरं, पोरांच्या पोटासाठी सरकार वाटायचं त्या सुकडीच्या रांगा. रांजणात पाणी नाही. त्या दिवशी साहेबांपुढे पन्नास दावे होते आणि साहेबांना दुपारच्या आत संपवायचे होते. खाजामियाँचा घसा सकाळपासून सोलून निघालेला. एका बाईचा दावा होता. नवरा मेलेला, गायरानातली दोन एकर जमीन त्यानं कसलेली, ती नावावर व्हावी म्हणून ती भांडत होती. खाजामियाँनी एक आरोळी दिली. बाई दिसली नाही. साहेब म्हणाले, आटप. खाजामियाँनी मान डोलावली, दोन आरोळ्या गिळल्या, आणि कागदावर शेरा पडला: तीनदा पुकारूनही गैरहजर. दावा खारीज.

"मागून कळालं, बाई इथंच आवारात होती म्हणून," ते म्हणाले. "तिच्या समाजाची माणसं तिकडं लिंबाखाली बसायची, भिंतीपल्याड. तिथवर एक आरोळी पोचली नसंल. दुसरी पोचली असती. मी शोधलं तिला. ती पोरं घेऊन साखर कारखान्याकडं निघून गेली म्हणाले. जमीन मी खाल्ली तिची. तेव्हापासून मी मुक्या-बहिऱ्याचाही पुकारा तीनदा करतो."

एवढ्या मोठ्या देहाच्या माणसाच्या डोळ्यांत पाणी बघून मलाच लाज वाटली. मी त्यांना पाणी दिलं, हुकूम मोडून, पूर्ण पेला.

यानंतर दोनच महिन्यांनी लातूरला नवे तहसीलदार आले. वय पंचवीसच्या आतबाहेर, परीक्षा देऊन थेट साहेब झालेले, आणि चेहऱ्यावर हसण्याचा पत्ता नाही. आल्या आठवड्यात ते एकटेच जेवायला आमच्याकडे आले. जुनी कचेरी बघायची होती म्हणे. खाजामियाँ अदबीनं पुढे झाले.

"जनाब, नाव?"

"व्यंकटी."

"वालिदांचं?"

"भीमा. सोनकांबळे."

खाजामियाँ वळले, आरोळीसाठी छाती भरली आणि भरलेलीच राहिली. मी गल्ल्यावरून बघत होतो, त्यांचे कान लाल झाले. मग त्यांनी कसाबसा पुकारा केला. तीनदा केला. साहेब बसले नाहीत. त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले.

"तुम्ही तीनदा पुकारा करता?"

"हाव, साहेब."

"माझ्या आईच्या वेळी इथं एकदाच झाला होता. त्यात आमची जमीन गेली. मी अकरा वर्षांचा होतो, तिथं लिंबाखाली तापानं पडलो होतो." साहेबांचा आवाज शांत होता, म्हणून जास्त भीती वाटली. "आई सांगायची, एका आळशी चपराशानं आपल्याला रस्त्यावर आणलं. त्या रागावर मी शिकलो. त्या चपराशाला मी एकदा समोर उभा करणार आहे. तुम्ही ओळखत असाल त्याला?"

खाजामियाँ नुसतीच शेरवानी खाली ओढत राहिले. साहेब म्हणाले, "असू द्या. रविवारी दुपारी आईला इथं जेवायला आणतोय. ती ओळखेल."

साहेब जेवले काय आणि गेले काय, आमचं लक्षच नव्हतं. शंकरप्पांना हॉटेलच्या परवान्याची काळजी, कारण तो त्याच साहेबांच्या सहीनं पुढच्या महिन्यात नवा व्हायचा होता. मला खाजामियाँची काळजी. या वयात, गावासमोर, त्यांच्याच दारात त्यांना कुणी आळशी चपराशी म्हणून उभं केलं असतं, तर तो माणूस दुसऱ्या दिवशी त्या पायरीवर आला नसता, आणि पायरीवर आला नसता तर फार दिवस जगलाही नसता.

खाजामियाँ स्वतः मात्र आपल्या परीनं बंदोबस्ताला लागले. शुक्रवारी त्यांनी दाढीला मेंदी लावली. मेंदी इतकी रंगली की आधी ज्यांचं लक्ष जात नव्हतं तेही वळून बघू लागले. शनिवारी त्यांचा दात दुखायला लागला. कुठला, विचारलं तर दोन वेळा दोन वेगळ्या बाजू दाखवल्या. मी म्हटलं, "चाचा, सरळ रजा घ्या, घरी बसा." त्यावर ते म्हणाले, "छत्तीस वर्षांत सुनावणीच्या दिवशी रजा घेतली न्हाई, भाऊ. हजर तर राहायलाच पाहिजे. फक्त दिसायला नको." शेवटी ठरलं असं, की रविवारी ते हजर राहतील, पण कोठडीत, बटाट्याच्या पोत्यांमागे, आणि पुकारा त्या दिवशी मकबूल नावाचा वाढपी करील.

रविवारी साहेबांची जीप आवारात आली. सोबत त्यांची आई, सरजाबाई. ठेंगणी, काळीसावळी, पांढरं स्वच्छ लुगडं, गळ्यात निळ्या दोऱ्यात बाबासाहेबांचं पदक. शंकरप्पा हात जोडून पायऱ्या उतरले, त्यांच्यामागे मी. बाईनं आमच्याकडे पाहिलंही नाही. ती सरळ पलीकडे गेली, आवाराची भिंत आता पडली होती पण लिंब होता, त्या लिंबाखाली जाऊन जमिनीवर बसली आणि पदर सावरून पाय पसरले.

"आई, आत चल," साहेब म्हणाले.

"पुकारा होऊ दे."

"अगं, आता ते हॉटेल आहे."

"ऱ्हाईना. पुकारा झाल्याबिगर मी त्या दारातून आत जात नसते."

मकबूलला पुढे केलं. त्यानं लाजत लाजत चहाची ऑर्डर सांगावी तसं नाव घेतलं. बाईनं मान हलवली. "ह्यो न्हाई." मग शंकरप्पा स्वतः पायरीवर उभे राहिले. त्यांनी आयुष्यात उंच आवाजात फक्त आरती म्हटली होती, ती चाल त्या पुकाऱ्याला लागली. बाई म्हणाली, "ह्यो बी न्हाई. तुमच्याकडं पुकाऱ्याचा माणूस हाय म्हून माझ्या पोरानं सांगितलं. त्यो कुठं हाय?"

साहेबांच्या कपाळावर आठी चढली. ऊन चढलं. आत हॉल भरलेला, सगळे जेवायचे थांबून खिडक्यांशी आलेले. शंकरप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी निमूट कोठडीकडे गेलो.

खाजामियाँ पोत्यांमागे उकिडवे बसले होते. मेंदीच्या दाढीला माती लागलेली. मी सांगितलं, बाई उठत नाही, साहेब तापलेत. ते उठले, शेरवानी झटकली, डोक्यावरची टोपी नीट केली आणि माझ्या पुढे चालू लागले. मला वाटलं, आता या माणसाची खरी सुनावणी आहे.

ते दारात उभे राहिले. लिंबाकडे तोंड केलं आणि पहिली आरोळी दिली. ओठांवर जुनंच आलं, कागदावर जसं लिहिलेलं असायचं तसं, बायकोला 'जौजे' म्हणण्याच्या कचेरीच्या रीतीनं: "सरजी जौजे भीमाऽऽऽ, हाजिर हैऽऽ?" आवाज मध्येच चिरकला. बाई हलली नाही.

साहेब काहीतरी बोलायला वळले. तेवढ्यात दुसरी आरोळी आली, आता चिरकल्याशिवाय: "सरजाबाई जौजे भीमरावऽऽऽ, हाजिर हैऽऽ?" बाई लिंबाला टेकून आरामात ऐकत होती, जणू तिला कसलीच घाई नव्हती. आत हॉलमध्ये कुणीतरी "अहो, उठा की!" म्हणालं, त्याला बाकीच्यांनी गप्प केलं.

तिसऱ्याला खाजामियाँनी आधी दीर्घ श्वास घेतला. "सरजाबाई भीमराव सोनकांबळेऽऽऽ, मुक्काम लातूर, तहसीलदार साहेबांच्या वालिदा, हाजिर व्हावंऽऽऽ!" कमानींतली कबुतरं उडाली.

"हाजिर हाय!" सरजाबाई म्हणाली. तिचाही आवाज काही कमी नव्हता. ती उठली, लुगडं झटकलं आणि ताठ मानेनं सात पायऱ्या चढली. दारात ती खाजामियाँसमोर थांबली. साहेबही पाठोपाठ आले.

"आई, नीट बघ. हाच का तो?"

बाईनं खाजामियाँना खालून वर बघितलं, मग वरून खाली. मेंदीवर नजर अंमळ जास्त थांबली. मी डोळे मिटून घेतले.

"ह्यो?" ती म्हणाली. "छट्! त्यो लई उंच व्हता ह्येच्यापेक्षा. आन् त्यो मेला की कवाच."

"मेला?"

"मेला म्हंजे मेलाच. मी ऐकलंय."

सहा फुटांपेक्षा लई उंच माणूस या जिल्ह्यात मी तरी पाहिलेला नाही, पण साहेबांनी हिशेब केला नाही. त्यांचे खांदे एकदम उतरले. इतकी वर्षं ज्याच्यासाठी तयारी केली तो माणूस परस्पर मेलेला निघाल्यावर दुसरं काय होणार? ते बेसिनकडे हात धुवायला गेले.

सरजाबाई तीन नंबरच्या टेबलावर बसली आणि पोटभर जेवली. भाकरी घरच्यासारखी नाही म्हणाली, आमटीला बरी म्हणाली, हुग्गी दोनदा घेतली. खाजामियाँच तिला वाढत होते. नजर तिच्या तोंडावर असल्यानं निम्मं तूप चादरीवर गेलं. मेल्याचं सांगून बाईनं आपल्याला का वाचवलं, हे त्यांना कळत नव्हतं, मलाही कळत नव्हतं.

जेवण झाल्यावर शंकरप्पा साहेबांना इमारत दाखवायला मागच्या बाजूला घेऊन गेले. सरजाबाई ओसरीत आली. मी बडीशेपेची ताटली घेऊन पाठोपाठ होतो. तिनं खाजामियाँना बोटानं बोलावलं.

"वळखलं मला?"

"ओळखलं, बाई," खाजामियाँ म्हणाले, आणि त्यांचा बांध फुटला. "माझा गुनाह हाय. त्या दिवशी मी एकच आरोळी दिली. दोन गिळल्या. तुम्हाला ऐकू आली नसंल..."

"आली व्हती."

"काय?"

"तुझी आरोळी. आली व्हती ऐकू." ती शांतपणे बडीशेप चघळत होती. "चांगली खणखणीत आली व्हती. मी लिंबाखाली नव्हते. सुकडीच्या रांगेत व्हते, हितंच, ह्या खांबापाशी. पोरगं तापानं पडलेलं, दोन दिस पोटात काय न्हाई त्येच्या. पातेल्यात तळाला आलं व्हतं. रांग सोडली आसती तर सुकडी गेली आसती. मी तुझ्याकडं बघितलं बी. तू दुसरी आरोळी देशील म्हून वाट बघितली, तू दिली न्हाईस."

"म्हणजे... दिली असती तर?"

"तीस दिल्या आसत्यास तरी आले नसते. माझ्या मागं चाळीस बाया टपल्या व्हत्या."

खाजामियाँ खांबाला टेकले. आधी मला वाटलं, चक्कर येतेय. पण तो राग होता. तेरा वर्षांचा राग एकदम चढत होता. "बाई," ते म्हणाले, "तेरा वर्षं! तेरा वर्षं मी ह्या गावापुढं घसा फोडून राहिलो! नमाजात माफी मागून राहिलो! बेगमबीला झोपेत आरोळ्या ऐकवून राहिलो! आन् तुम्ही..."

"मग काय करू? गावात सांगू, की दोन मुठी सुकडीपायी जमीन सोडली म्हून? हसले आसते समदे. पोरानं इचारलं, जमीन का गेली? मी म्हनलं, चपराशी आळशी व्हता." तिनं ताटलीतून आणखी बडीशेप घेतली. "एकच दिलीस, ती काय खोटं न्हाई."

एकच दिली होती, हे खरंच होतं.

"त्या रागानं शिकलं माझं लेकरू," ती हळू आवाजात म्हणाली, आणि आता तिचेच डोळे भरले होते. "आता त्येच्या कचेरीत म्हातारी बाई आली की सोता उठून दारात येतंय. त्येला कळलं, की आईनं त्येच्याच पोटासाठी जमीन घालवली, तर त्यो राग कुनावर काढंल? सोतावर काढंल. त्येला सांगू नगंस."

मला राहवेना, मी ताटली खाली ठेवली. तेवढ्यात साहेब आणि शंकरप्पा कमानीतून आले. साहेब जीपकडे जाता जाता थांबले. एवढ्या सहज त्यांना तो विषय सोडायचा नव्हता.

"बाबा," ते खाजामियाँना म्हणाले, "तुम्ही इतकी वर्षं इथं होता. तो चपराशी कसा माणूस होता? खरं सांगा."

खाजामियाँनी एकदा सरजाबाईकडे पाहिलं. मग शेरवानी खाली ओढली आणि छाती भरली.

"नालायक होता, साहेब," ते म्हणाले. "एक नंबरचा कामचोर. तीनच्या जागी एक आरोळी द्यायचा. त्याच्यामुळंच गेली तुमची जमीन, दुसऱ्या कोणामुळं न्हाई."

साहेबांनी समाधानानं मान हलवली. सरजाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि मुलाचा हात धरून जीपकडे वळली.

"जाऊ द्या हो, चाचा," ती म्हणाली. "मेलेल्या माणसाला कशाला नावं ठेवायची."